मुंबईत भाड्याचं घर : आधी पाळणाघर ठरवा, मग उपनगर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात कोल्हापूरहून मुंबईला येताय. तुमची नोकरी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस. नवऱ्याची ऐरोलीला, तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून. मुलगी पावणेतीन वर्षांची. भाडं ४५ हजारांपर्यंत. सासूबाई पहिले दोन महिने येतील, पुढचं नक्की नाही. घोडबंदर रोड, मुलुंड आणि खारघर यांतलं लहान मुलासाठी चांगलं कोणतं?

मुलुंड-ठाणे पट्ट्यात भाड्याच्या घरांचं काम मी जवळजवळ वीस वर्षं करतेय. दर उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्याकडे येतो आणि दर वेळी मी उलट विचारते : संध्याकाळी मुलीला आणायला कोण जाणार? बहुतेक जोडपी एकमेकांकडे बघतात. कारण तोवर त्यांनी बागा पाहिलेल्या असतात, शाळांची नावं काढलेली असतात, स्विमिंग पूलसुद्धा बघून झालेला असतो. पण सव्वासातला पाळणाघराच्या दारात कोण उभं असेल हे बोलणं झालेलंच नसतं.

तुमच्या घरात याचं उत्तर स्पष्ट आहे. नवरा दोन दिवस घरीच आहे आणि उरलेले तीन दिवस त्याचं ऑफिस खाडीच्या पलीकडे, ऐरोलीत. तुम्ही बीकेसीतून साडेसहाला निघालात तरी कुर्ला स्टेशनला पोचेपर्यंतच अर्धा तास जाऊ शकतो. तेव्हा पिकअप त्याच्याकडे. म्हणून घराचं अंतर तुमच्या ऑफिसपासून मोजू नका, त्याच्या ऑफिसपासून मोजा. बायकांना हे पटायला वेळ लागतो, सासूबाईंना त्याहून जास्त. आणि एक बारीकशी गोष्ट : पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर त्याचा लिहा. नाही तर मुलीला ताप आला की तो दहा मिनिटांवर असूनही फोन मात्र तुम्हाला येईल, मीटिंगमध्ये.

मी हे एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे. २६ जुलै २००५ ला मी दादरला नोकरी करत होते. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईकराला पाठ असतो. गाड्या बंद, फोन बंद. मुलगा चार वर्षांचा, मुलुंड पूर्वेला एका काकूंच्या पाळणाघरात. मी रात्रभर ऑफिसातच. नवरा भांडुपच्या कारखान्यातून गुडघाभर पाण्यातून चालत निघाला आणि रात्री दहाला मुलापर्यंत पोचला. मुलगा काकूंच्या स्वयंपाकघरात पिठलं-भात खाऊन झोपला होता. नवऱ्याचीही नोकरी दादरला असती तर? पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली आणि या धंद्यात आले. तेव्हापासून प्रत्येक जोडप्याला एकच गोष्ट सांगते : दोघांपैकी एकाचं ऑफिस तरी असं हवं, की गाड्या बंद पडल्या तरी तिथून मुलापर्यंत पोचता येईल. शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी भरणं ही काही शंभर वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट नाही. कुठल्याही जोरदार पावसाळ्यात एक-दोनदा होतंच. त्या दिवशी तुम्ही अडकलात तरी चालेल, नवरा अडकता कामा नये.

आता तुमची तीन नावं.

खारघर मुलांना आवडेल असं आहे, यात वाद नाही. रुंद रस्ते, चालता येतील असे फूटपाथ, मोठं सेंट्रल पार्क, मागे डोंगर. पैशाच्या मानाने जागाही मोठी मिळते. पण स्टेशन गावाच्या एका टोकाला, सायन-पनवेल महामार्गालगत, आणि परवडणारे नवे टॉवर दुसऱ्या टोकाला, पस्तीस-छत्तीस सेक्टरकडे. जाहिरातीत ‘खारघर स्टेशनजवळ’ लिहिलेलं असतं, ते रिक्षाने बघून घ्या. शिवाय एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते : खारघरला लोक नवी मुंबई म्हणतात, पण ते नवी मुंबई महापालिकेत नाही, पनवेल महापालिकेत आहे. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं. त्या जोरावर नेरूळ-वाशीला पाण्याची जी निवांतता आहे ती खारघरला गृहीत धरू नका. सोसायटीला टँकर येतो का, हे वॉचमनला विचारा. मुख्य अडचण मात्र तुमच्या प्रवासाची. हार्बर लोकलने कुर्ला आणि पुढे बीकेसी, रोज. नवऱ्याला पनवेल-ठाणे गाडी थेट ऐरोलीला नेईल, पण तीही काही जवळ नाही. तुम्ही दोघंही लांब आणि मुलगी एकटी खारघरला, असं हे गणित होतं.

घोडबंदर रोडवर ४५ हजारांत चकचकीत टू-बीएचके मिळेल. पोडियमवर बाग, खाली नर्सरी, शेजारी सगळी तुमच्यासारखीच तरुण कुटुंबं. रविवारी सकाळी बघायला गेलात की प्रेमातच पडाल. म्हणून रविवारी जाऊ नका. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनहून कासारवडवलीला जा. गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रो ४ च्या कामाने वर्षानुवर्षं आखडलेला रस्ता आणि त्यात तुमची रिक्षा. मेट्रो पूर्ण क्षमतेने रुळली की ही बाजू बदलेल, तेव्हा मीच लोकांना तिकडे पाठवीन. आत्ता तुमच्या घरात कोणाच्याही सोयीचं ते नाही.

मुलुंड. इथे उपनगराच्या नावापेक्षा पूर्व की पश्चिम हा प्रश्न मोठा आहे, आणि हे मध्य रेल्वेवरच्या जवळजवळ सगळ्या स्टेशनांना लागू पडतं. पावसात, कडेवर पोर आणि खांद्यावर दोन पिशव्या घेऊन स्टेशनचा पूल ओलांडणं काय असतं ते एकदा करून बघा. घर, पाळणाघर आणि रोजची भाजी रुळांच्या एकाच बाजूला हवी. पश्चिमेला बाजार मोठा, दवाखाने जास्त, पण एलबीएस रोडची गर्दी आणि भाडंही चढं. पूर्वेला जुन्या तीन-चार मजली सोसायट्या, झाडं, मराठी वस्ती, आणि ऐरोली पूल थेट या बाजूला. नवऱ्याला पुलावरून बस आहे. नाही तर लोकलने एक स्टेशन मागे ठाण्याला जाऊन ट्रान्सहार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने, ऐरोली. दुचाकी असेल तर बघायलाच नको. कधी कार घेतलीत तर ऐरोली नाक्यावरचा टोलही ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफ आहे.

तुमच्यासाठी मुलुंडहून दोन रस्ते. लोकलने कुर्ला आणि तिथून बस किंवा शेअर रिक्षा, हा सगळ्यांचा रस्ता. कुर्ला पश्चिमेची ती रिक्षाची रांग एकदा अनुभवा म्हणजे दुसरा रस्ता आवडेल : घाटकोपरला उतरून मेट्रो १, मरोळ नाक्याला बदलून मेट्रो ३, ती थेट बीकेसीत. पैसे जास्त जातात, वेळेत फारसा फरक नाही, पण पावसाच्या दिवशी कुर्ला टाळता येतं आणि थंडगार डब्यात उभं राहता येतं. दोन्हीपैकी काहीही धरा, घरापासून ऑफिसपर्यंत सव्वा तास मोजा. मी पाऊण तास सांगितला तर तुम्ही खूश व्हाल आणि जूनमध्ये मला शिव्या द्याल.

तुमच्या यादीत नसलेलं एक नाव मी घालते : खुद्द ऐरोली. सेक्टरची आखणी, प्रत्येक सेक्टरला छोटी बाग, नवी मुंबई महापालिकेचं पाणी. नवऱ्याचं ऑफिस चालत किंवा रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. तोटा सगळा तुमच्या वाट्याला : आधी ठाण्याला किंवा मुलुंडला या, मग लोकल. रोज साधारण वीस मिनिटं जास्त. मी तुमच्या जागी असते तर मुलुंड पूर्व आणि ऐरोली या दोन्हीकडे आधी पाळणाघरं बघितली असती आणि जिथलं मनात भरलं तिथे घर घेतलं असतं. घरं कुठेही मिळतात हो. आज हातचं गेलं तर आठवड्यात दुसरं येतं. चांगलं पाळणाघर चालवणाऱ्या काकू मात्र एका उपनगरात मोजक्याच असतात आणि त्यांच्याकडे जागा झाली की ती जाहिरातीत येत नाही; कोपऱ्यावरच्या वाण्याला, बालवाडीच्या दाराशी उभ्या आयांना आणि बालरोगतज्ज्ञांच्या रिसेप्शनिस्टला ठाऊक असते. तिथे विचारा.

पाळणाघर बघायला सकाळी अकराला बोलावतील. तेव्हा जा, पण दुपारी साडेतीनला न सांगता पुन्हा जा. मुलं झोपून उठायची वेळ असते. कुठे झोपतात, उठल्यावर रडणाऱ्याला कोण उचलतं, टीव्ही किती मोठ्याने चालू आहे, सगळं दिसतं. आत सोडायला तयार नसतील तर तिथूनच मागे फिरा. विचारायचं ते असं : बंद किती वाजता होतं आणि उशीर झाला तर काय? शनिवारी असतं का? मे महिन्यात काकू गावाला जातात का? दिवाळीत किती दिवस बंद? ताप असेल तर घेतात का (बहुतेक घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे)? डबा आपला की त्यांचा? मुलीला दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देण्याआधी फोन करतात का? सातला बंद होणारं आणि साडेसातला बंद होणारं यांतला अर्धा तास तुम्हाला मोठ्या बाल्कनीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. पाळणाघर घरापासून चालत दहा मिनिटांत हवं. रिक्षाने दहा मिनिटं चालणार नाही, कारण जुलैत रिक्षा मिळत नाही.

सासूबाईंचे दोन महिने यात मोजू नका. किंवा मोजायचेच तर असे मोजा : त्या असतानाच मुलीला अर्धा दिवस पाळणाघरात घालायला सुरुवात करा. आजी गेली आणि त्याच सोमवारी मुलगी अनोळखी घरी, हे दोघींच्याही जिवावर येतं.

शाळेचं थोडक्यात सांगते, कारण घाबरायचं कारण नाही. पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत असा राज्याचा नियम. त्यावरून मागे मोजलं की नर्सरीला तीन. तुमची मुलगी यंदा त्यात बसते. काही शाळा स्वतःची वेगळी तारीख लावतात, ती विचारून घ्या. मोठ्या शाळांचे नर्सरीचे प्रवेश आदल्या वर्षीच दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, म्हणजे मेमध्ये येणाऱ्याला तिथे जागा सापडणं कठीण. एक वर्ष घराजवळची बालवाडी आणि पाळणाघर यावर काढा आणि ऑक्टोबरपासून शाळांचे फॉर्म बघा. शाळेच्या नावावरून आत्ता घर ठरवलंत आणि प्रवेश मिळाला नाही तर ते घर गळ्यात पडतं. असं दरवर्षी दोघा-तिघांचं होताना बघते.

आता प्रत्यक्ष घर बघताना. मे महिन्यात ताज्या रंगाचा वास येणारा फ्लॅट दिसला की मी आधी बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला तळहात लावते. ओल रंगाखाली लपते, हाताला लागते. सर्वात वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते बघा. तळमजला मुलांना सोयीचा वाटतो, पण डास, पाणी आणि खिडकीशी लावलेल्या गाड्यांचा धूर. दुसरा मजला मला सगळ्यात आवडतो; लिफ्ट बंद पडली तरी झोपलेलं मूल उचलून नेता येतं. जुन्या इमारतीत लिफ्टला जाळीची सरकती दारं असतील तर मुलीची बोटं आठवा. खिडक्यांना ग्रील आहे का, ग्रीलच्या आडव्या पट्ट्या शिडीसारख्या चढता येतील अशा आहेत का, हे बघायला मुलीलाच बरोबर न्या. ती दोन मिनिटांत दाखवून देईल.

सोसायटीत मुलं आहेत का हे सेक्रेटरीला विचारू नका, पार्किंगमध्ये बघा. जिन्याखाली चार-पाच छोट्या सायकली धूळ न बसता उभ्या असतील तर मुलं आहेत आणि त्यांना खेळू देतात. भिंतीवर ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ असा बोर्ड आणि मुलं स्टिल्ट पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे लपंडाव खेळताहेत, असं चित्रही दिसेल. तिथे जवळची महापालिकेची बाग किती मिनिटांवर आहे ते चालून मोजा. आणि बाबागाडी कोल्हापूरलाच ठेवून या. आमच्या फूटपाथांवर ती चालत नाही, उचलावी लागते.

खाण्यापिण्याचं आधी स्पष्ट करून घ्या. तुम्ही कोल्हापूरचे, तांबडा-पांढरा सोडणार नाही हे गृहीत धरते. काही इमारतींत अजूनही मांसाहारी कुटुंबांना आडून नकार मिळतो. ‘घर कालच गेलं’ असं उत्तर येतं. त्यावर वाद घालून घर मिळवलंत तरी रोज जिन्यात तोंडं वाकडी बघावी लागतात. मी अशा घराचं दारच दाखवत नाही.

मुलुंड पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांबाबत एक प्रश्न मात्र घसा कोरडा होईपर्यंत विचारा : रिडेव्हलपमेंट कुठवर आलं आहे? ४५ हजारांत इथे तुम्हाला एक तर चांगला वन-बीएचके मिळेल नाही तर बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत टू-बीएचके. तो टू-बीएचके स्वस्त का, याचं कारण पुष्कळदा नोटीस बोर्डावर लावलेलं असतं. गेल्या वर्षी एका कुटुंबाने माझं न ऐकता असं घर घेतलं, मालकाने ‘अजून पाच वर्षं काही होत नाही’ म्हटलं, आणि सातव्या महिन्यात बिल्डरची खाली करण्याची तारीख आली. मूल नुकतं रुळलेलं. शेजारची इमारत पाडायला निघाली असेल तरीही नको. वर्षभर धूळ आणि ड्रिल, आणि दुपारची झोप गेली. खिडकीतून बाहेर बघा, बांधकामाभोवती लावतात ते निळे पत्रे दिसले तर विचारा.

म्हणूनच करारात अकरा महिन्यांवर समाधान मानू नका. बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा करार मागा, मधे ठरावीक भाडेवाढ लिहून. लॉक-इन काळ, म्हणजे ज्यात करार मोडता येत नाही तो, दोघांनाही लागू असावा आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस. पुष्कळांचा समज असतो की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. इतर राज्यांत तसं असेल. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार कितीही महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे हाच आपला भाड्याचा करार) नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ‘नोटरी करून घेऊ, चालतं’ म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करा. खर्चही फार नाही : एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी. ४५ हजार भाडं, दीड लाख डिपॉझिट, अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क साधारण १,३०० रुपये होतं. घरी येऊन आधारवर बोटांचे ठसे घेतात, अर्ध्या तासाचं काम. हाच कागद पुढे शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून लागेल. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, हा इथला रिवाज. त्यात आम्ही कोणीच सूट देत नाही हे आधीच सांगून टाकते.

येताना दोघंही या, मुलीला घेऊन, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मंगळवार ते गुरुवार. पहिला दिवस फक्त पाळणाघरं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुलुंडहून बीकेसीला आणि ऐरोलीला प्रत्येकाने आपापला प्रवास करून बघा, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत या. घरं तिसऱ्या दिवशी, फार तर पाच. पाचाच्या पुढे सगळे फ्लॅट एकसारखे दिसायला लागतात आणि मुलगी रडायला लागते. टोकन देण्याआधी त्या घराच्या दारापासून निवडलेल्या पाळणाघरापर्यंत मुलीला तिच्या पायांनी चालवत न्या. दहा मिनिटांचं अंतर तिच्या पावलांनी वीस मिनिटांचं निघेल, वाटेत कुत्री किती, उघडं गटार कुठे, ती कुठे ‘उचल’ म्हणते, सगळं कळेल. सामानाचा टेम्पो मात्र २५ मेच्या आत आणा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की भिजलेल्या गाद्या तीन मजले चढवताना हमालही जास्त पैसे मागतो.